दुपारी दोनची नोंद

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याच्यापेक्षा जास्त दुखूच शकत नाही," मार्था सिस्टर म्हणाल्या. "आता, या घडीला, तुमचं किती?"

महेंद्र तीन उशांना टेकून बसला होता. त्यानं लगेच आकडा सांगितला नाही. आधी विचारलं, "मधलं चालतं का? साडेसहा वगैरे?"

सिस्टर हसल्या. वीस-बावीस वर्षं त्या घरोघर फिरून असे पेशंट बघत होत्या, पण हा प्रश्न त्यांना बहुतेक पहिल्यांदाच आला होता. "साडेबिडे नको बाबा. मला पूर्ण आकडा लागतो."

"मग सात लिहा."

त्यांनी सात लिहिलं. मी रेणूला कडेवर घेऊन दारात उभी होते. सकाळपासून मी त्याला तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा तो "बरं आहे" म्हणाला होता. मला बरं आणि सिस्टरांना सात.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीसची होते, रेणू साडेतीन वर्षांची. नगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाबाहेर एका कृषी संशोधन केंद्रात महेंद्र हवामान निरीक्षक होता आणि केंद्राच्या आवारातच आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्याच्या खाटेवरून खिडकीतून वेधशाळेचं कुंपण दिसायचं. पांढरी जाळीची पेटी, पावसाचं नळकांडं, वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या. रोज सकाळी सात आणि दुपारी दोन, या दोन वेळांना तिथे जाऊन आकडे बघायचे आणि रजिस्टरात लिहायचे, हे त्याचं काम. बघणाऱ्याला वाटेल यात काय एवढं. पण नऊ वर्षांत एकदाही त्यानं न बघितलेला आकडा लिहिला नव्हता. रेणू झाली त्या दिवशी तो माझ्याबरोबर दवाखान्यात होता, दोनची वेळ चुकली. सहकारी म्हणाला, कालच्यावरून अंदाजानं भरून टाका, कोण बघतंय. महेंद्रनं रकाना कोरा ठेवला आणि वरून मेमो घेतला. मला तो मेमो त्यानं पेढ्याबरोबर आणून दाखवला होता.

आजार स्वादुपिंडाचा. कळला तेव्हाच यकृतापर्यंत पोचलेला. पुण्याला आधी एक केमो झाली, ती लागू पडली नाही म्हणून दुसरी, आणि दुसरीनंतरचा स्कॅन बघून डॉक्टरांनी फाइल मिटून माझ्या हातात न देता महेंद्रच्या हातात दिली. म्हणाले, आता औषधानं हे थांबणार नाही, त्रास मात्र कमी ठेवता येईल, घरी जा. आणखी काही उपाय, दुसरीकडे कुठे, मी विचारत राहिले. डॉक्टर प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे नाही म्हणत राहिले. किती दिवस, हे महेंद्रनं विचारलं. "महिने नाहीत, आठवडे," असं उत्तर आलं. परतीच्या गाडीत तो बराच वेळ बाहेर बघत होता आणि मग म्हणाला, "यंदा थंडी चांगली पडणार. सुटलो, पावसाळ्यात गेलो असतो तर तुमचे फार हाल झाले असते." मी त्याच्याशी घोडनदी येईपर्यंत बोलले नाही.

तर मार्था सिस्टर. सरकारी दवाखान्यातून घरभेटीला यायच्या, दर गुरुवारी. त्या पहिल्या गुरुवारी त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि मला समोर बसवून सगळं समजावलं. दर चार तासांनी एक, घड्याळ लावून. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. पहिले दोन दिवस गुंगी राहील, घाबरायचं नाही. शनिवारी दुपारी मी फोन करीन, पेशंटनं स्वतः आकडा सांगायचा. पाच किंवा पाचच्या वर असला तर डोस वाढवायचा.

"वाढवला की परत झोपणार?" मी विचारलं.

"परत एक-दोन दिवस. मग उतरते गुंगी. अहो वहिनी, दुखण्यानं झोपलेला नाही हा माणूस महिनाभर. ती बाकी झोप निघते आधी."

मी हो हो म्हटलं. लक्षात सगळं राहिलं, विश्वास बसला नाही.

सिस्टर गेल्यावर महेंद्रनं दोनशे पानी वही मागितली आणि पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, आकडा, शेरा. वेळा त्याच, सकाळी सात आणि दुपारी दोन. रेघा सरळ आल्या. पहिल्या ओळीत त्यानं निळ्या शाईत सात लिहिलं आणि म्हणाला, "झालं. आता मीच माझी वेधशाळा."

त्या दुपारपासून तो झोपला. नुसता झोपला नाही, बुडाला. गोळीसाठी उठवलं की डोळे किलकिले करायचा, पाणी गिळायचा आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. तोंड उघडं, गाल आत गेलेले. मी खाटेशेजारी स्टुलावर बसून त्याची छाती बघायची. खाली गेली की वर येईपर्यंत मी मोजायची. एक, दोन, तीन. चारपर्यंत गेलं की हात लावून हलवायची. पुण्याला शेजारच्या खाटेवर एक काका होते, त्यांनाही असंच झोपेचं औषध दिलं होतं. बायको म्हणाली, किती दिवसांनी शांत झोपलेत बघा. ती खाली चहा प्यायला गेली आणि परत आली तेव्हा पडदा ओढलेला होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात झोपलेला माणूस आणि गेलेला माणूस यांच्यामध्ये काही अंतरच राहिलं नव्हतं.

सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्या म्हणायच्या, झोपू दे गं, लेकराच्या जिवाला जरा इसावा. मी म्हणायची, हो आई. आणि त्या भाकरी टाकायला गेल्या की पुन्हा त्याला हलवायची. रेणू माझं बघून शिकली. येता-जाता ती त्याच्या पोटावर तळहात ठेवायची आणि मला ओरडून सांगायची, "आहेत."

शनिवारी दुपारी तो जागा झाला. सासूबाई रेणूला घेऊन शेजारच्या क्वार्टरमध्ये गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. आमचं थोडं बोलणं झालं. काय ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दोन वाजता मी वही पुढे केली. त्यानं चार लिहिलं. थोड्या वेळानं सिस्टरांचा फोन आला. मी फोन त्याच्या कानाशी धरला आणि त्यानं तोच आकडा सांगितला. "छान," सिस्टर म्हणाल्या. "मग आहे तेच चालू ठेवा."

पुढचा आठवडा वरून बघितला तर चांगला गेला. महेंद्र जागा असायचा. गुंगी बरीचशी उतरली होती, आवाज बारीक झाला होता पण बोलायचा. कपाटातली कागदपत्रं त्यानं मला एकेक समजावली. रेणूला त्यानं खिडकीतून ढगांची नावं शिकवायचा प्रयत्न केला, पण त्या दिवसांत आभाळात एक ढग नव्हता, म्हणून मग ती दोघं नसलेल्या ढगांना नावं ठेवायची. एकाचं नाव तिनं कुटे काका ठेवलं होतं.

कुटे म्हणजे त्याचा तोच सहकारी, अंदाजानं भरा म्हणणारा. आता नोंदी त्याच्याकडे होत्या. सोमवारी तो भेटायला आला, दारातच चपला काढून हात जोडून उभा राहिला, जसं लोक आजाऱ्याच्या नाही, देवाच्या दारात उभे राहतात.

"आज किमान किती?" महेंद्रनं विचारलं.

"नऊ पॉइंट दोन, साहेब."

"बघून की आठवून?"

"बघूनच, साहेब. बायकोची शपथ."

"तिला कशाला मध्ये घेतो. तिला बिचारीला लग्नाआधी तू पगार किती सांगितला होतास, तेही आठवूनच ना?"

कुटे हसला, मग त्याला रडूच यायला लागलं, तसा तो डोकं खाजवत बाहेर गेला. महेंद्र हसत होता. मी हसत होते. आणि हसता हसता मी बघितलं की चादरीखाली त्याच्या उजव्या पायाची बोटं आत वळली होती आणि तशीच वळलेली राहिली होती.

मी बघत होते. मला बघण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. दोन गोळ्यांच्या मधल्या शेवटच्या तासात त्याच्या कपाळावर, नेमका केसांच्या कडेला घाम यायचा. त्या वेळी तो रेणूला काहीतरी कामगिरी सांगायचा, जा, आजीला विचारून ये परसात किती कोंबड्या आहेत. आमच्याकडे एकही कोंबडी नव्हती. ती धावत जायची, आजीशी वाद घालायची, आणि तेवढ्या वेळात तो भिंतीकडे तोंड करायचा. ती परत यायच्या आत वळलेला असायचा. रेणू अंगावर चढली तर तो तिला उचलून बाजूला ठेवायचा नाही, फक्त श्वास रोखून धरायचा आणि मग हळूहळू, हप्त्याहप्त्यानं सोडायचा.

सात वाजता वही, चार. दोन वाजता वही, चार.

बुधवारी सासूबाई माझ्यामागे मोरीपाशी आल्या. मी त्याचे कपडे धूत होते. म्हणाल्या, "प्रणिता, त्याला लई दुखतंय."

"चार आहे, आई. वहीत रोज लिहितात ते."

"वहीचं काय करू मी? मला त्याच्या तोंडावर दिसतंय."

"सिस्टरांनी सांगितलंय, पाचच्या खाली असलं तर वाढवायचं नाही. जास्त झालं तर उठणारच नाहीत."

यातलं दुसरं वाक्य सिस्टरांनी कधीच सांगितलं नव्हतं. सासूबाई चौथी शिकलेल्या, मी बी.एस्सी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बनियनकडे, आणि त्या आत गेल्या. शिकलेल्या सुनेवर त्यांचा फार विश्वास होता.

गुरुवारी मार्था सिस्टर आल्या. त्यांनी नाडी बघितली, ब्लडप्रेशर घेतलं, पोटाला हलका हात लावला. महेंद्र तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होता, फार लक्ष देऊन, जणू कुंपणात काही चाललं आहे. मग सिस्टरांनी वही घेतली. पान वरून खाली वाचलं. एक सात, दोन दिवस कोरे, आणि त्याखाली दहा चौके.

"दादा, आत्ता किती?"

"चार."

"आणि मघाशी मी हात लावला तेव्हा?"

"चारच."

"बरं," म्हणून त्यांनी वही मिटली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, मला जरा गेटपर्यंत सोडायला चला."

गेटपाशी लिंबाखाली त्यांची स्कूटी होती. ऊन चांगलं वर आलं होतं. त्यांनी डिकी उघडली, आणखी एक पाकीट काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही.

"इतकी वर्षं ही कामं करते मी," त्या म्हणाल्या. "इतका सरळ आकडा कुणाचाच नसतो. कुणाचं सकाळी तीन, संध्याकाळी सात. हात लावला की नऊ. नाडी एकशे अठरा आहे यांची. दातावर दात आहेत. पेशंट कधीकधी सांगत नाहीत, बायकोपोरांसाठी. त्यांना मी जास्त खोदून विचारत नाही. पण घरच्या माणसाला सगळं दिसतं. तुम्ही सांगा. खरंच चार आहे?"

त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. उलट त्यांचा आवाज असा होता की हो म्हणणं आणि नाही म्हणणं सारखंच सोपं वाटावं. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला असता, डोस वाढला असता, महेंद्र झोपला असता.

मी म्हटलं, "चारच आहे."

सिस्टरांनी डिकी बंद केली. मग पाकीट माझ्या हातात दिलं. गोळ्या त्याच, संख्या जास्त. म्हणाल्या, "मी वरच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. पाच वाटलं, किंवा आकडा न सांगताच तुम्हाला तसं दिसलं, की एकाच्या जागी दोन द्यायच्या. मला फक्त कळवा. विचारायला थांबू नका. आणि एक. झोपला तर झोपू द्या. यानं माणूस जात नाही. मी शब्द देते."

स्कूटी फाट्यावर वळेपर्यंत मी गेटला धरून उभी होते.

आता आधीच्या त्या शनिवारचं सांगते.

शनिवारी महेंद्र जागा झाला तेव्हा मी रडत होते. तो किती वेळ माझ्याकडे बघत होता कोण जाणे. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणायची, एकटे असलो की तू. "किती वाजले?" त्यानं विचारलं. पावणेदोन, मी म्हटलं. कसं आहे, मी विचारलं. त्यानं नेहमीसारखा थोडा विचार केला, आतमध्ये जाऊन बघून आल्यासारखा, आणि म्हणाला, "सहा. सातचं सहा झालंय. बराच फरक आहे."

सहा म्हणजे डोस वाढणार. म्हणजे पुन्हा ते उघडं तोंड. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "तू असा झोपू नकोस रे. तू झोपलास की मला वाटतं तू गेलास. मी एकटी बसते इथे आणि मोजते. मला नाही जमत. जे काही दिवस आहेत ते मला जागेपणीचे दे."

हे माझेच शब्द आहेत. मी त्यात काही कमी-जास्त केलेलं नाही.

त्यानं घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाला, "किती सांगितलं म्हणजे सिस्टर वाढवणार नाहीत?"

मी म्हटलं, "चार."

त्यानं मान हलवली. दोन वाजले तशी मी वही पुढे केली. त्यानं पेनाचं टोपण काढलं, वेळ लिहिली, आणि आकड्याच्या रकान्यापाशी पेन टेकवून थांबला. मी अजून "नको, राहू दे" म्हणू शकले असते. मी वही सरळ धरून उभी होते, त्याला लिहायला सोपं जावं म्हणून.

सिस्टर गेटवरून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सातला बारावा चौका पडला. त्याच्यानं पेन धरवेना, आकडा वेडावाकडा आला. तरी लिहिला त्यानंच. साडेदहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात रेणूला वरणभात भरवत होते. ती घास तोंडात धरून बसली होती. गिळ गं, मी म्हटलं. तिनं गिळला आणि विचारलं, "बाबांना भूक लागली की ते उशी का खातात?"

"काय खातात?"

"उशी. मी बघितलं. तू भांडी घासते ना, तेव्हा खातात. मला म्हणाले, आईला सांगू नको, हसेल."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. तव्यावरची भाकरी मात्र त्यांनी उलटली नाही, ती तशीच करपत राहिली.

मी हात धुतला. पाकिटातून दोन गोळ्या काढल्या आणि पाणी घेऊन आत गेले. उशी पालथी घातलेली होती. मी ती सरळ केली नाही, बघितलीही नाही.

"वेळ झाली का?" महेंद्रनं विचारलं.

"झाली. आजपासून दोन घ्यायच्या."

"मी झोपेन, प्रणिता."

"झोप."

"तू घाबरशील."

"नाही घाबरणार."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या नजरेची मला सवय होती, पेटीचं दार उघडून पाऱ्याकडे बघावं तशी ती असायची, घाई न करता. मग त्यानं तळहात पुढे केला.

मी सिस्टरांना फोन करून सांगितलं. त्या मला काहीच बोलल्या नाहीत, फक्त किती वाजता दिली ते विचारलं आणि पुढच्याही दोन-दोनच द्या म्हणाल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं.

तो शुक्रवारभर झोपला, शनिवारभर झोपला. मी मोजलं नाही असं म्हणणार नाही. पण हलवलं नाही.

मंगळवारी सकाळी तो गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खोलीत सासूबाई होत्या, मी होते, त्याचा श्वास लांबत लांबत थांबला. मंगळवारची मला भीती वाटत नाही. अकरा वर्षं माझ्या मागे लागला आहे तो रविवार.

रविवारी साडेनऊला मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि आतून हाक आली. हाक, कण्हणं नाही. धावत गेले तर तो एका कुशीवर कोपरावर रेलला होता. "चहा कर ना," म्हणाला. "आलं घालून."

मी त्याच्या पायांकडे बघितलं. बोटं सुटी होती. कपाळ कोरडं होतं. डोळे असे स्वच्छ होते की गेल्या तीन-चार महिन्यांत ते तसे नव्हते हे मला तेव्हा कळलं. चहा त्यानं अर्धा कप प्यायला. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या आणि पदर डोळ्याला लावत म्हणाल्या, "माझा पोरगा आला गं परत." त्यांनी पपई कापली, त्यानं दोन फोडी खाल्ल्या. रेणू येऊन सरळ त्याच्या पोटाजवळ बसली आणि मी पुढे झाले, तर त्यानं हातानं मला थांबवलं. तिनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. त्यानं श्वास रोखला नाही. तो तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिला आणि तिला गावाकडच्या बैलाची गोष्ट सांगत राहिला, लांबलचक, मध्येच चुकून पुन्हा मागून सुरू होणारी, आणि ती त्याला चुका दाखवत राहिली. कोंबड्या मोजायला तिला कुणी पाठवलं नाही. अकरा वाजले, बारा वाजले. घरात कुणी घाईनं उठलं नाही, कुणी कुणाकडे चोरून बघितलं नाही. असा एक दिवस घरात होता.

जेवणं झाल्यावर रेणू तिथेच त्याच्या कुशीत झोपली. सासूबाई बाहेर सावलीत लवंडल्या. मी वही आणली, दोन वाजत आले होते.

"एक," तो म्हणाला. "खरं सांगतोय. एक."

मी एक लिहिलं. तो लिहिणाऱ्या माझ्या बोटांकडे बघत होता, मग म्हणाला, "नुसतं आत काहीतरी असल्यासारखं वाटतं. दुखत नाही. झोपही नाही येत." त्यानं रेणूच्या अंगावर चादर ओढली. "प्रणिता, हे असं आधीपासून झालं असतं का? त्या शनिवारीच वाढवली असती तर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अमुक दिवशी अमुक केलं असतं तर काय आकडा आला असता, याची त्याला नेहमीच उत्सुकता असायची.

"नाही," मी म्हटलं. "त्या गोळीनं नसतं झालं. ही वेगळी आहे, नवीन. सिस्टरांनी गुरुवारी दिली."

दोन्ही पट्ट्या स्टुलावरच होत्या, जुनी संपत आलेली आणि नवी, एकीवर एक. त्यानं रेणूच्या डोक्याखालचा हात न हलवता दुसऱ्या हातानं त्या उचलल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. एकीवरचं नाव वाचलं. मग दुसरीवरचं. मी पेनाचं टोपण लावत होते, ते लागत नव्हतं.

त्यानं दोन्ही पट्ट्या पालथ्या करून स्टुलावर ठेवल्या.

"बरं," तो म्हणाला, आणि रेणूला अलगद भिंतीकडे सरकवून त्यानं माझ्यासाठी खाटेवर जागा केली.